मध, माफी आणि मांडव

आज आपण इस्रायलमधल्या बालवाडीत जाणार आहोत. इतक्या लांब कशाला, असं काही जणी म्हणतील. पण तिथल्या कित्येक मुलांच्या आज्या-पणज्या आपल्या रायगडातल्याच. अलिबागची इस्रायल आळी ठाऊक आहे ना? शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणायचे, ते बेने इस्रायल. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि त्यानंतर त्यांच्यातले बरेच जण तिकडे गेले.

तिथे बालवाडीला ‘गान’ म्हणतात. गान म्हणजे बाग, म्हणजे वाडीच की! तिसऱ्या वर्षापासून मूल तिथे जातं. १ सप्टेंबरला वर्ष सुरू होतं आणि मुलं अजून आईचा पदर सोडत नसतात, तोवर तिश्री महिन्याचे सण येऊन ठेपतात. ज्यूंचे महिनेही चंद्रावर चालतात. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा ते जादा महिना धरतात, आपल्या अधिकमासासारखा.

पहिला सण नव्या वर्षाचा, रोश हशाना. आपल्या कोकणात त्याला ‘नव्याचा सण’ म्हणत. बाई सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून मुलांना देतात: वर्ष गोड जावो. डाळिंब फोडून दाणे मोजतात, एडक्याचं शिंग फुंकून दाखवतात. इतक्या लहान वयात सण हातातोंडातूनच कळतो, भाषणातून नाही. बेने इस्रायलांच्या घरात या दिवसांत गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा होतो. आणि मधाचं निघालंच आहे तर सांगून ठेवतो: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घुटीतूनही नाही. त्यातून बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो.

दहाव्या दिवशी योम किप्पूर. मोठी माणसं संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाणीही घेत नाहीत. कोकणात याचं नाव ‘दारफाळणीचा सण’. लहान मुलांना उपास नसतो. तिकडे त्या दिवशी रस्त्यावर गाड्या नसतात, म्हणून पोरं भर रस्त्यात सायकली फिरवतात!

आम्हाला सगळ्यात विचार करायला लावलं ते या दिवसाच्या तयारीने. ज्यू धर्मात एक नियम आहे. माणसाचं माणसाशी वाकडं झालं असेल, तर नुसत्या देवाच्या प्रार्थनेने ते फिटत नाही. ज्याला दुखावलं त्याच्याकडेच जावं लागतं. आता हे चार वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? पाप, शिक्षा असे शब्द काढले तर पोर रात्री दचकून उठेल. तेव्हा रोजचंच भांडण धरायचं. तू हिचा मनोरा पाडलास, ही रडली, आता तिला काय हवंय, विचार. कधी माफी हवी असते, तर कधी मनोरा परत रचून हवा असतो. आपल्याकडे काय होतं? आपण पोराचं मानगूट धरून ‘सॉरी म्हण’ म्हणतो, ते पुटपुटतं आणि पळतं. रडणारं तिथेच बसलेलं असतं. शिवाय मोठ्यांनी लहानांची माफी मागायची, हे तर आपल्या घरात घडतच नाही. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या गप्प झाल्या.

पाच दिवसांनी पौर्णिमेला सुक्कोत, म्हणजे मांडवाचा सण. बऱ्याच वर्षी ही आपली कोजागरीच असते. पूर्वज वाळवंटात भटकताना खोपटात राहिले, त्याची ही आठवण. छप्पर झावळ्या-फांद्यांचं, आणि इतकं विरळ की वरून चांदणं दिसावं. रंगीत कागदाच्या साखळ्या मुलंच करतात. सात दिवस जेवण त्याच मांडवात. पूजेला खजुराचा न उलगडलेला कोंब, दोन झाडांच्या डहाळ्या आणि एक सुगंधी पिवळं फळ लागतं. मुलांच्या हातात देऊन त्याचा वास घ्यायला लावतात. हे फळ म्हणजे आपलं महाळुंग. परसात कुणाकडे असेल तर येत्या बैठकीला एक घेऊन या, अंगणवाडीतल्या पोरांनाही हुंगू दे.