स्पिटफायर : एका लढाऊ विमानाची घडण

५ मार्च १९३६ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन शहराजवळ, ईस्टली येथील विमानतळावरून एक लहानसें एकासनी विमान आकाशांत चढलें. चालक होते जोसेफ समर्स. उड्डाण अवघ्या कांहीं मिनिटांचें होतें. तें पाहण्यास त्या विमानाचे रचनाकार रेजिनाल्ड मिचेल स्वतः हजर होते. कर्करोगामुळें त्यांच्यावर १९३३ मध्यें मोठी शस्त्रक्रिया झालेली होती. यंत्र आकाशांत चढत होतें आणि यंत्रकर्त्याचें आयुष्य मात्र ओसरत चाललें होतें. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या ‘स्पिटफायर’ विमानाचा जन्म हा असा झाला.

मिचेल हे सुपरमरीन कंपनीचे मुख्य रचनाकार. पाण्यावरून उडणारीं शर्यतीचीं विमानें बांधण्यांत त्यांचा हातखंडा होता. १९३१ सालच्या श्नायडर चषकाच्या शर्यतीस ब्रिटिश सरकारनें पैसा देण्याचें नाकारलें, तेव्हां लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनीं एक लक्ष पौंड देऊं केले. मिचेल यांच्या विमानानें चषक कायमचा जिंकला, आणि त्याच महिन्यांत तशाच विमानानें ताशीं ४०० मैलांहून अधिक वेग गांठला. सरकारी कारकुनांना जो पैसा उधळपट्टीचा वाटला, त्याच पैशानें विमानाचा बांधा आणि रोल्स-रॉइसचें इंजिन या दोहोंविषयींचें मोलाचें ज्ञान मिळालें.

तरीहि शर्यत जिंकणें निराळें आणि लढाऊ विमान बांधणें निराळें. मिचेल यांचा या दिशेचा पहिला प्रयत्न १९३४ मध्यें साफ फसला. जाड पंख, न मिटणारीं चाकें आणि वाफेच्या साहाय्यानें थंड होणारें, पण वरचेवर तापणारें इंजिन यांमुळें तें विमान मंदच राहिलें. मिचेल यांनीं तें बाजूस सारलें आणि नव्यानें आखणी केली. तिला जोड मिळाली रोल्स-रॉइसच्या ‘मर्लिन’ या नव्या इंजिनाची. मर्लिन म्हणजे ससाण्याच्या जातीचा एक छोटा शिकारी पक्षी.

स्पिटफायरची खरी ओळख म्हणजे त्याचे लंबवर्तुळाकार पंख. ते शोभेसाठीं नव्हते. पंख जितका पातळ, तितका हवेचा अडथळा कमी; परंतु त्याच पंखांत मिटणारीं चाकें व आठ मशीनगन बसवावयाच्या होत्या. पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या प्रमाणांत मोजतात. म्हणून पंख मुळाशीं पुष्कळ रुंद ठेवला कीं प्रमाणानें तो पातळच राहतो, आणि तरीहि आंत जागा मिळते. शिवाय विमानास उचलून धरणारा हवेचा जोर अशा आकारामुळें पंखाच्या लांबीवर योग्य रीतीनें वांटला जातो. या गुणाची किंमतहि द्यावी लागली. असे वक्र पत्रे घडविणें अतिशय वेळखाऊ होतें. जून १९३६ मध्यें ३१० विमानांची मागणी आली, परंतु पहिल्या तुकडीस तीं मिळूं लागलीं ऑगस्ट १९३८ मध्यें. तें पाहण्यास मिचेल उरले नव्हते. ११ जून १९३७ रोजीं, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें होतें. पुढील सारी जबाबदारी त्यांचे सहकारी जोसेफ स्मिथ यांनीं उचलली.

१९४० च्या उन्हाळ्यांत जर्मन विमानदळ ब्रिटनवर चालून आलें. स्पिटफायरनें एकट्यानें देश वांचविला, असा समज पुष्कळांचा आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. त्या लढाईंत ‘हरिकेन’ विमानांची संख्या अधिक होती आणि शत्रूचीं अधिक विमानेंहि त्यांनींच पाडलीं. साधारणतः स्पिटफायरनें जर्मन लढाऊ विमानांना गुंतवून ठेवावें आणि हरिकेननें बाँबफेक्या विमानांवर तुटून पडावें, अशी कामाची वांटणी असे. शत्रू कोठून येत आहे याची आगाऊ वर्दी देणारीं रडार केंद्रें नसतीं, तर दोहोंचाहि पराक्रम वायां गेला असता.

स्पिटफायरमध्यें दोषहि होते. विमानाचें नाक एकाएकीं खालीं दाबलें कीं कार्ब्युरेटरांतील इंधनाचा पुरवठा बिघडून इंजिन क्षणभर गचके खाई. जर्मन इंजिनांत इंधन पिचकारीप्रमाणें थेट सोडलें जात असल्यामुळें त्यांना ही अडचण नव्हती. ऐन झुंजींत असा एक क्षण प्राणघातक ठरे. यावर १९४१ मध्यें उपाय काढला तो फार्नबरो येथील बिॲट्रिस शिलिंग या महिला इंजिनियरनें. इंधनाच्या वाटेंत बसवावयाची, मधोमध छिद्र असलेली एक लहानशी चकती, एवढाच तो उपाय!

सप्टेंबर १९४० मध्यें साउदॅम्प्टनचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. अनेक कामगार दगावले. पण काम थांबलें नाहीं. आसपासच्या गांवांतील मोटारींचे गराज, धुलाईचे कारखाने, बसगाड्यांचे आगार यांत विमानाचे भाग तयार होऊं लागले. बर्मिंगहॅमजवळील प्रचंड कारखान्यानें पुढें सर्वांहून अधिक विमानें दिलीं. तयार झालेलीं विमानें लष्करी तळांवर पोंचविणाऱ्या चालकांत स्त्रियाहि होत्या.

१९४१ च्या अखेरीस जर्मनांचें ‘फॉक-वुल्फ १९०’ वरचढ ठरूं लागलें, तेव्हां स्पिटफायरला अधिक जोरदार मर्लिन बसवून १९४२ मध्यें नवी आवृत्ति निघाली. तात्पुरती म्हणून काढलेली ती आवृत्ति युद्ध संपेपर्यंत टिकली. त्याच वर्षीं विमानवाहू जहाजांवरून उडून स्पिटफायर विमानें वेढलेल्या माल्टा बेटाच्या रक्षणास धांवून गेलीं. एक उणीव मात्र कायम राहिली : इंधनाचा सांठा थोडा. जर्मनीच्या अंतर्भागापर्यंत बाँबफेक्यांची सोबत करण्याचें काम अमेरिकन ‘मस्टँग’नें केलें, पण त्याच्याहि नाकांत अमेरिकेंत बनलेलें मर्लिनच होतें.

भारताचा या विमानाशीं संबंध दुहेरी आहे. येथून गेलेल्या देणग्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश विमानदळाच्या कांहीं तुकड्यांना भारतीय नांवें मिळालीं. क्रमांक १३२ ची तुकडी ‘सिटी ऑफ बॉम्बे’ आणि क्रमांक १५२ ची ‘हैदराबाद’. दोन्ही स्पिटफायर चालवीत. १९४४ मध्यें भारतीय विमानदळाच्या क्रमांक ८ च्या तुकडीस स्पिटफायर मिळालें आणि तिचे वैमानिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. १९४७ मध्यें काश्मीरवर टोळीवाल्यांचें आक्रमण झालें, तेव्हां स्वतंत्र भारताच्या स्पिटफायर विमानांनीं श्रीनगरच्या बचावांत भाग घेतला.

वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधलीं गेलीं. प्रारंभींच्या सुमारें एक हजार अश्वशक्तीच्या जागीं अखेरीस दोन हजारांहून अधिक अश्वशक्तीचें इंजिन त्याच मूळ बांध्यावर चढलें. १ एप्रिल १९५४ रोजीं मलायाच्या जंगलावर छायाचित्रें घेऊन ब्रिटिश विमानदळांतील स्पिटफायरनें आपली शेवटची कामगिरी बजावली. मिचेल यांची आखणी थोर होती, यांत शंका नाहीं. परंतु ती वाढविणारे स्मिथ, चकती शोधणारी शिलिंग, गराजांत पत्रे वांकविणारे अनाम कामगार आणि ज्यांचीं नांवें केवळ स्मारकांवर उरलीं ते तरुण वैमानिक, या सर्वांचा हातभार लागला नसता, तर ती आखणी कागदावरच राहिली असती.