नळाला स्वच्छ पाणी आले, पण गाळ कुठे गेला?

पावसाळ्यात गोदावरी आणि कादवेचे पाणी चहासारखे होते. तेच पाणी शुद्ध होऊन नळाला येते तेव्हा नितळ असते. मग मधला चिखल जातो कुठे? निफाड तालुक्यातल्या एका वस्तीत आरोग्याच्या बैठकीत एका आजींनी हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्हालाही पटकन उत्तर देता आले नाही. नर्सिंगच्या शिक्षणात पाणी शुद्ध कसे करायचे हे शिकवले होते. शुद्ध केल्यावर उरलेल्या घाणीचे काय करायचे, हे मात्र कुणी शिकवले नव्हते. मग आम्ही ते शोधत गेलो.

गाळ तयार कसा होतो?

नदीच्या पाण्यातले मातीचे बारीक कण आपोआप तळाला बसत नाहीत. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात तुरटी मिसळतात. तुरटीमुळे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते तळाला बसतात. वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून जाते. शेवटी क्लोरीन घालतात. तळाचा चिखल आणि गाळणी उलट्या पाण्याने धुताना निघणारे गढूळ पाणी, हा झाला तुरटीचा गाळ.

हा गाळ किती असतो? समजा, एका केंद्रात रोज 10 लाख लिटर पाणी शुद्ध होते. माणशी 55 लिटर धरले तर ते सुमारे 18 हजार लोकांना पुरते. पावसाळ्यात दर लिटरमध्ये 100 मिलीग्रॅम माती असेल, तर रोज 100 किलो माती खाली बसते. तुरटीचा भाग वेगळाच. आणि टाकीतून गाळ बाहेर पडतो तो बहुतेक पाणीच असतो. म्हणजे रोज दहा हजार लिटरच्या आसपास पातळ चिखल. तो कुठेतरी जातोच.

दोन गाळ, दोन स्वभाव

आपल्या तालुक्याला गाळ नवा नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले. 2020 मध्ये ती जागा रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. धरणातला गाळ शेतात टाकण्यासाठी 2017 पासून राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आहे. त्यामुळे ‘गाळ म्हणजे शेताला खत’ असे सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे.

इथेच गल्लत होते. धरणाचा गाळ ही वाहून आलेली सुपीक माती असते. तुरटीच्या गाळात ॲल्युमिनियम असते आणि ते स्फुरद घट्ट धरून ठेवते. असा गाळ शेतात ढिगाने टाकला तर पिकाला स्फुरद कमी मिळते. नदीत वरून येणारे जंतू आणि जड धातूही त्यात साठून दाट होतात. तपासणीशिवाय तो परसबागेत किंवा पोरांच्या खेळायच्या जागेवर पसरू नये.

नाल्यात सोडला तर?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाइप नाल्याकडे वळवणे. बहुतेक गावांत नाल्याच्या काठाला कोण राहते, हे आपल्याला सांगायला नको. गाळाने नाला उथळ होतो, पाणी तुंबते, डास होतात, पुराचे पाणी घरात शिरते. गाळणीने अडवलेले जंतूही त्यातच असतात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात गाळण नीट न झाल्याने क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळात गेला आणि सुमारे 4 लाख लोकांना जुलाब झाले. हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. त्याला अडवते ती गाळणी. आणि गाळणीत अडकलेले सगळे तिच्या धुण्याच्या पाण्यात उतरते.

टाकीत उतरणारे हात

एका ठिकाणी टाकी साफ करायला आमच्याच वस्तीतल्या तरुणांना बोलावले होते. ना गमबूट, ना हातमोजे. एकाचा पाय पत्र्याने कापला. चार दिवसांनी सुजलेला पाय घेऊन तो आमच्याकडे आला. “पिण्याच्या पाण्याचीच टाकी ताई, गटार थोडीच आहे,” तो म्हणाला.

समजूत अशी असते म्हणूनच काळजी घेतली जात नाही. साचून कुजलेल्या गाळातून विषारी वायू निघू शकतो. बंद टाकीत प्राणवायू कमी पडतो. गाळात पाय रुततो. म्हणून झाकण उघडून हवा खेळू द्यावी, कमरेला दोर असावा, बाहेर माणूस उभा असावा, बूट-हातमोजे हवेतच. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे तसेच उतरू नका. अशा वेळी वाचवायला गेलेलाही दगावतो. जखम झाली तर साबणाने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन विचारा.

योग्य रीत कोणती?

गाळ आधी टाकीत दाट होऊ द्यायचा. वरचे निवळलेले पाणी केंद्राच्या सुरुवातीला आणून पुन्हा पूर्ण शुद्ध करायचे. थेट नळात कधीच सोडायचे नाही. दाट गाळ वाळू-खडीच्या वाफ्यांवर सुकवायचा. निफाडच्या उन्हाळ्यात हे सोपे आहे.

सुकलेला गाळ तपासून वापरता येतो. विटांच्या मातीत तो थोड्या प्रमाणात मिसळता येतो, जास्त झाला तर वीट कच्ची राहते. सिमेंटच्या कामातही तो चालतो. स्फुरद धरण्याचा जो गुण शेताला नडतो, तोच सांडपाणी शुद्ध करताना कामी येतो. आयर्लंडमध्ये असे प्रयोग झाले आहेत. सांडपाण्यातल्या स्फुरदावरच जलपर्णी पोसते. गोदावरीकाठच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

घरात काय करावे?

तुरटी पाण्यात थोडीच फिरवा. पाणी तासभर हलवू नका. वरचे पाणी कापडातून दुसऱ्या भांड्यात घ्या, मग उकळा किंवा आशाताईंनी दिलेले क्लोरीन सांगितल्याप्रमाणे घाला. तुरटीने गाळ बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. तळाचा चिखल विहीर-हापशापासून लांब खड्ड्यात टाका. किडनीचा आजार असणाऱ्याने तुरटीच्या पाण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. किडनी काम करत नसेल तर ॲल्युमिनियम अंगात साठते.

ग्रामसभेत, नगरपंचायतीत विचारा

- आपल्या केंद्राचा गाळ कुठे जातो? सुकवायचे वाफे आहेत का, चालू आहेत का?
- गाळाची तपासणी शेवटची कधी झाली?
- टाकी साफ करणाऱ्यांना साधने, विमा आणि पूर्ण मजुरी मिळते का?

तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दूषित पाणी नाल्यात किंवा नदीत सोडण्यावर 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने बंधन आहे, हेही अर्जात लिहा.

20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते सर्वांच्या समान हक्कासाठी. पाणी सगळ्यांचे आणि चिखल मात्र आपल्या दाराशी, आपल्याच हातांनी, ही वाटणी त्या हक्कात बसत नाही. पुढच्या बैठकीत आजींच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या. जय भीम.