इंग्रजीतील ‘चा-ची-चे’

मराठीत षष्ठीचा प्रत्यय मालकीच्या वस्तूकडे पाहून बदलतो. रमेशचा भाऊ, रमेशची बहीण, रमेशचे घर. इंग्रजीला वस्तूच्या लिंगाशी काही कर्तव्य नसते. नामापुढे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या डोक्याशी टांगलेले स्वल्पविरामासारखे चिन्ह, आणि ‘एस’ जोडला की काम भागते. तृतीय पुरुषी एकवचनी सर्वनामात पाहायचे ते मालकाचेच लिंग. म्हणून ‘त्याची बहीण’ ही ‘हिज सिस्टर’च, ‘ची’ला भुलून तेथे ‘हर’ वापरले, तर बहीण भलत्याच कुणाची ठरते.

खरा घोळ अनेकवचनात. ‘सन’ म्हणजे मुलगा. या शब्दापुढे चिन्ह देऊन मग ‘एस’ लिहिला, तर अर्थ ‘मुलाचा’. आधी ‘एस’ लिहून मग चिन्ह दिले, तर ‘मुलांचा’. उच्चारात तसूभरही फरक नाही. इंग्रजीत केलेल्या मृत्युपत्रात मात्र एकाच्या वाट्याचे घर सर्व भावांचे आहे की काय, असा वाद उभा राहण्यास एवढे पुरेसे आहे. ‘चिल्ड्रेन’सारखे ‘एस’विना अनेकवचन होणारे शब्द याला अपवाद, तेथे चिन्ह आधी, ‘एस’ नंतर. श्रीनिवास या नावाच्या शेवटी ‘एस’ आहेच. त्यापुढे नुसते चिन्ह द्यावे किंवा चिन्हासह आणखी एक ‘एस’ जोडावा, दोन्ही चालते. नावातलाच ‘एस’ तोडून त्याआधी चिन्ह घुसवणे मात्र चूकच. राम आणि श्याम यांचे घर सामाईक असेल, तर चिन्ह फक्त श्यामला. घरे वेगळी असतील, तर दोघांनाही.

हे चिन्ह मुळात गळालेल्या अक्षराची खूण आहे. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा एक प्रत्यय ‘ईएस’ असा होता. त्यातला ‘ई’ पुढे लोपला. मालकीदर्शक ‘इट्स’देखील १७ व्या-१८ व्या शतकांत अनेकदा चिन्हासह लिहिला जाई. आज ते चिन्ह ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांच्या संक्षेपासाठी राखलेले आहे. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांनाही ते लागत नाही. शंका आल्यास वाक्य ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचावे. अर्थ लागला तरच चिन्ह द्यावे.

साध्या अनेकवचनातही चिन्ह ठोकून देण्याची खोड केवळ येथल्या पाट्यांवर दिसते असे नाही. इंग्लंडमध्ये तर तिला भाजीवाल्याच्या पाटीवरूनच नाव पडले आहे. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने २००९ मध्ये रस्त्यांच्या नामफलकांवर हे चिन्ह वापरायचेच नाही, असे ठरवले.