घटिकापात्र आणि ५५५ कालमापक

उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील बहुमजली इमारतींत तळटाकीचे पाणी पंपाने गच्चीवरील टाकीत चढवावे लागते. तळटाकी आटल्यावरही पंप चालू राहिला, तर तो कोरडा फिरून निकामी होतो. नेमलेल्या वेळी पंप बंद करणारे कालमापक मंडल म्हणूनच येथे उपयोगाचे होय. त्याची रचना सोपी आहे. परंतु तीत एक दोष असा संभवतो की, तो ध्यानी न घेतल्यास पंप बंदच होणार नाही.

या मंडलाचे तत्त्व मराठी भाषेस अपरिचित नाही. ‘घटका भरली’ या वाक्प्रचारामागे घटिकापात्र उभे आहे. तळास बारीक छिद्र असलेले तांब्याचे हे भांडे पाण्यावर सोडले म्हणजे २४ मिनिटांत भरून बुडते. काळ येथे भरण्याने मोजला जातो. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेले ५५५ हे संकलित मंडल, म्हणजे बाजारातील ‘आय. सी.’, याच रीतीने चालते. येथे भांडे म्हणजे धारित्र, छिद्र म्हणजे रोधक आणि पाणी म्हणजे विद्युत्भार.

या आय. सी.स आठ पाय असतात. १२ व्होल्ट पुरवठ्याच्या ऋण टोकास पाय १ आणि धन टोकास ४ व ८ जोडावेत. ६ व ७ एकत्र करून तेथून धन टोकाकडे रोधक व ऋण टोकाकडे धारित्र लावावे. पाय २ हा १० किलोओहमच्या रोधकाने धन टोकास जोडावा. कळ दाबताच तो क्षणभर ऋण टोकास टेकावा. पाय ५ व ऋण टोक यांमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र ठेवावे. पाय ३ वरून रिले चालवावा व त्याच्या वेटोळ्यास उलटा डायोड जोडावा. पंपाची २३० व्होल्टची जोडणी मात्र जाणत्या वीजतंत्रज्ञानेच कॉन्टॅक्टरमार्फत करावी.

कळ दाबली की रिले ओढला जातो व धारित्र भरू लागते. त्यावरील विद्युद्दाब पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश होताच रिले सुटतो. हा काळ रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असतो. मर्यादा पुरवठ्याच्या प्रमाणात ठरत असल्याने पुरवठा ९ व्होल्ट असो वा १२, काळ बदलत नाही.

आता १.३ मेगओहम व १००० मायक्रोफॅरड घेतल्यास गणिताने १४३० सेकंद, म्हणजे जवळजवळ एक घटका मिळते. प्रत्यक्षात येथेच घात होतो. मर्यादेजवळ रोधकातून केवळ ३ मायक्रोअँपिअर प्रवाह येतो आणि एवढ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक धारित्राची गळती त्याहून अधिक असू शकते. जितके येते तितकेच गळून जाते. भांडे मर्यादेपर्यंत चढत नाही, घटका भरत नाही आणि पंप फिरतच राहतो.

यावर उपाय मोठे भांडे हा नव्हे. लहान, कमी गळतीचे धारित्र घेऊन ५५५ कडून सुमारे ५.६ सेकंदांची आवर्तने करवावीत आणि गणक आय. सी.ने ती २५६ मोजावीत. २४ मिनिटे अगदी थोड्या फरकाने साधतात. अहोरात्र मोजण्यासाठी पूर्वजांनीही एक प्रचंड पात्र घडविले नाही. एकच लहान पात्र साठ वेळा भरले आणि हिशेब ठेवला.