बोरीबंदरचे स्टेशन

बोरीबंदरचे स्टेशन हे पाहावयाचे स्थळ आहे असे म्हटले, की रोज तेथे उतरणाऱ्यांस हसू येते. गाडी थांबण्यापूर्वीच ज्याचा एक पाय फलाटावर पडलेला असतो, त्याने घुमट केव्हा पाहावा? तरीही आमचे म्हणणे असे, की या स्टेशनची मांडणी एकदा समजून घेतली म्हणजे मुंबईच्या वाढीचा बराचसा उलगडा तेथेच होतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातील उतारूंची पहिली आगगाडी ठाण्यास निघाली, ती या इमारतीतून नव्हे. तेव्हा येथे होते ते एक साधे स्टेशन. डबे १४, पाहुणे सुमारे ४००, अंतर २१ मैल, आणि ओढावयास साहेब, सिंध व सुलतान या नावांची तीन इंजिने! पुढे १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट ओलांडून लोहमार्ग देशावर चढला. वऱ्हाड-खानदेशाचा कापूस थेट बंदराशी येऊ लागला. मग जुने स्टेशन अपुरे पडले यात नवल ते काय? नव्या इमारतीचा डौल कोणत्या मालावर उभा राहिला, हेही यावरून ध्यानात यावे.

हे नवे काम १८७८ साली सुरू झाले. वास्तुशिल्पी होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखी इकडची माणसे होती, आणि दगडावरील पाने, फुले, पक्षी, जनावरे ही जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची करणी. १८८२ साली स्टेशन वाहतुकीस खुले झाले, १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात त्यास तिचे नाव मिळाले, आणि १८८८ साली सारे काम पुरे झाले. खर्च आला सुमारे १६ लाख १४ हजार रुपये.

आता मांडणी पाहू. आपल्या वाड्याचा चौक चारी बाजूंनी बंद असतो. येथला चौक रस्त्याकडे उघडा आहे, आणि दोन बाजूंस दोन पंख पुढे आलेले आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ : एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. मध्ये भव्य जिना, जिन्यावर अष्टकोनी घुमट, आणि घुमटाच्या माथ्यावर हाती मशाल व चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती. एवढा थाट पाहून परगावचा मनुष्य सरळ मधल्या दाराशी जातो आणि परत फिरतो! कारण हा भाग उतारूंसाठी बांधलेलाच नव्हता. ती होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची कचेरी. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा तिचेही ठाणे येथेच पडले. उतारूंच्या वाट्यास आले ते उत्तरेकडच्या पंखातील तिकिटांचे दालन, आणि इमारतीच्या पाठीमागचे फलाट. तिकिटांचे हे दालनही काही कमी देखणे नाही. छताकडे मात्र रांगेतला क्वचितच कोणी पाहतो.

दर्शनी भिंतीवर कंपनीशी संबंधित थोर गृहस्थांचे मुखवटे कोरलेले आहेत. त्यांत सर जमशेटजी जीजीभाई आहेत आणि आपले नाना शंकरशेटही आहेत. मुंबईस आगगाडी यावी म्हणून १८४५ सालापासून खटपट करणाऱ्यांत नाना पुढे होते. १८६५ साली ते वारले, म्हणजे ही इमारत त्यांच्या दृष्टीस पडली नाही. राणीच्या पुतळ्याचा कोनाडा रिकामा झाला, नानांचा मुखवटा जागेवर आहे!

३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर चालणारी देशातील पहिली गाडी येथूनच कुर्ल्यास गेली, तीही बंदराच्या, म्हणजे हार्बर मार्गाने. १९२९ साली लांबच्या गाड्यांसाठी पूर्वेस नवे फलाट आले. आज एकूण फलाट १८ : पहिले सात लोकलचे, बाकीचे लांबच्या गाड्यांचे. यात एक गंमत आहे. बंदर पूर्वेस, पण हार्बरच्या गाड्या सुटतात पश्चिमेच्या १ व २ क्रमांकांच्या फलाटांवरून! म्हणून सँडहर्स्ट रोडपाशी हा मार्ग उंच चढून मुख्य मार्गावरून पलीकडे जातो, आणि त्या स्टेशनास खालचे व वरचे असे दोन मजले आहेत.

लोकल आणि लांबच्या गाड्या यांची दोन वेगळी दालने पडली, या गोष्टीस २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री निराळाच अर्थ आला. अतिरेक्यांचा गोळीबार सुरू झाला तो लांबच्या गाड्यांच्या दालनात. ५० हून अधिक माणसे या स्टेशनात मारली गेली. लोकलच्या बाजूस विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या खोलीतून न हलता उतारूंस मागच्या वाटेने बाहेर पडण्यास सांगत राहिले. ती वाट होती, आणि ती ठाऊक असलेला मनुष्य जागेवर होता, म्हणून पुष्कळांचे प्राण वाचले.

स्टेशनचे नाव १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले. २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. त्यापूर्वी २००४ साली युनेस्कोने इमारतीस जागतिक वारशाच्या यादीत घेतले होते. जुनी मंडळी बोरीबंदरच म्हणतात. इमारत पाहणे असल्यास रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूस उभे राहावे. मान फार वर करावी लागत नाही. पाठीशी असलेली महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ साली पुरी झालेली.