आकड्याचा भाव

बाबांची लाल पुठ्ठ्याची एक वही माझ्याकडे आहे, 1969 सालची. ते अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. वहीच्या एका बाजूनं रोजचा कापसाचा भाव लिहिलेला. क्विंटलमागं रुपया उतरला तरी नोंद. वही उलटी धरली की दुसऱ्या बाजूनं मटक्याचे आकडे. जो लागला त्याच्याभोवती तांबड्या पेन्सिलीचा गोल. गोल बरेच आहेत, म्हणून पानं चाळताना वाटतं, माणूस जिंकतच होता. बेरीज मी केली, बाबा गेल्यावर. वर्षभरात लावले 412 रुपये, आले 351. त्या साली माझी शाळेची फी थकली होती.

मटक्यातले ओपन आणि क्लोज हे शब्दही कापसाचेच. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावानं उघडला, कोणत्या भावानं बंद झाला, हे मुंबईला कळे आणि त्यावर लोक पैसे लावत. 1961 मध्ये ते भाव येणं बंद पडलं. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरायचा, पुढं चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. आमच्या वऱ्हाडात त्याला अजून वरली मटका म्हणतात. जुगारबंदीचा कायदा 1887 चा आहे, आणि अड्ड्यावर धाड पडल्याची बातमी अकोल्या-अमरावतीच्या पेपरात आजही येते.

मी मूर्तिजापूरला छत्तीस वर्षं गणित शिकवलं. रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, "गुर्जी, आज कोनता आकडा येईन?" भाव काय देतात, हे मला एकानंही विचारलं नाही. कापसाच्या गाडीवर बसून पाच रुपयांसाठी अर्धा दिवस घासाघीस करणारी हीच माणसं.

तर भाव असा. शून्य ते नऊ, दहा आकडे. एक लागला तर रुपयाला नऊ. समजा तुम्ही दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. हरण्याची भीतीच नाही, एक आकडा येणारच. शंभर दिले, नव्वद मिळाले. ओपन-क्लोजचे दोन आकडे मिळून जोडी, तिचंही तेच: शंभर जोड्या, भाव नव्वद. पत्तीत मात्र याहून वाईट आहे. तीन आकडे निघतात, ती पत्ती, आणि त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे आकडा. 128 ची बेरीज 11, म्हणून एक्का. प्रत्येक अंकाला सारखी संधी धरली, तर 128 कोणत्याही क्रमानं हजारातून सहा वेळा पडेल, 112 तीन वेळा, 111 एकदा. रूढ भाव आहेत रुपयाला 140, 280 आणि 600. गुणाकार करा. पहिल्या दोन्हींत शंभराचे 84 परत येतात, तिसऱ्यात फक्त 60. सहाशेचा आकडा ऐकून ज्याचे डोळे चमकतात, त्याच्याच खिशातून सगळ्यात जास्त जातं. बाबांच्या वहीत पत्तीला एकही गोल नाही.

भावाचंच आणखी एक उदाहरण. अमेरिकेतल्या कॅसिनोत व्हिडिओ पोकरचं यंत्र असतं. पाच पत्ते येतात, नको ते बदलून घ्यायचे. तिथं डोकं थोडं कामी येतं: हातात लहान जोडी आणि एकटा राजा आला, तर जोडी ठेवून राजा सोडायचा. पण जाणकार माणूस बसण्याआधी भावफलक वाचतो. गुलामांच्या जोडीपासून पैसे देणाऱ्या यंत्रावर फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा असतील, तर एकही चूक न करता खेळल्यास शंभराचे सरासरी 99.54 परत येतात. आठ आणि पाच असतील तर 97.3. पत्ते तेच, खेळ तोच, फलकावरचे दोन आकडे तेवढे बदललेले. आणि चांगल्यात चांगल्या खेळानंही यातलं कोणतं यंत्र शंभर देत नाही. मटक्यात तर पत्ता बदलायचीही सोय नाही. म्हणून ते चार्ट, ते गेसिंग, सपनात साप दिसला की अमुक आकडा, याला काडीचा आधार नाही. कालच्या आकड्याची आजच्याला ओळख नसते.

एकदा आठवीच्या वर्गात मी सरकी नेली. दहा पोरं, प्रत्येकाला पन्नास सरक्या. प्रत्येकानं वेगळा अंक धरायचा, दर डावाला दहा सरक्या लावायच्या. ज्याचा अंक निघेल त्याला नव्वद, दहा माझ्या टेबलावर. चिठ्ठ्या डब्यातून काढल्या. पाचव्या-सहाव्या डावापासून कुणाकुणाच्या सरक्या संपल्या. जिंकणाऱ्यांकडून त्यांनी उसन्या घेतल्या. वर्गात असा गलका मी कधी ऐकला नव्हता. वीस डाव झाले आणि मी थांबवलं. पाचशेपैकी दोनशे सरक्या माझ्या टेबलावर होत्या, आणि मी एकदाही आकडा लावला नव्हता.

सगळे गप्प झाले. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, टेबलाजवळ आला आणि त्यानं शंभर सरक्या मोजून रुमालात बांधल्या. कशाला रे, म्हटलं.

"बाबाले दाखवतो, गुर्जी."