वाळवंटातलं तळं: गँग नेण्याआधीची रेकी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "अमेरिकेत वाळवंटात तळ्याकाठी कॅम्पिंग आणि मासेमारी करायची, तर आधी काय बघायचं?" आम्ही सहा मित्र नेवाडामधल्या पिरॅमिड लेकला जाणार आहोत. त्याआधी आम्ही दोघं एक दिवस रेकी करून आलो. आजचा भाग त्यावर.

आधी तळं समजून घेऊ. रेनो शहरापासून गाडीने तासाभरापेक्षाही कमी वेळात तुम्ही इथे पोचता. आजूबाजूला झाड नाही, सावली नाही, आणि मधोमध जवळपास ५०० चौरस किलोमीटर निळं पाणी. हे पाणी येतं टाहो सरोवरातून निघणाऱ्या ट्रकी नदीतून. पुढे जायला त्याला वाटच नाही. आपल्या लोणारसारखंच, पाणी आत येतं आणि वाफ होऊनच जातं. म्हणून ते थोडं खारट आहे, समुद्राच्या साधारण एक षष्ठांश. मासे मात्र मजेत राहतात.

पहिला प्रश्न: जागा कुणाची?

वाळवंट म्हणजे कुणाचंच नाही, असं आपल्याला वाटतं. इथे तसं नाही. अख्खं तळं पाययूट या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात आहे. नेवाडा राज्याचं मासेमारीचं लायसन्स इथे चालत नाही. परवाना जमातीचाच लागतो, कॅम्पिंगचा वेगळा आणि मासेमारीचा वेगळा. ऑनलाइन मिळतो. ज्या खडकामुळे तळ्याला नाव पडलं तो पूर्वेकडचा पिरॅमिड आणि उत्तरेकडचे नीडल्स हे सुळके, हा भाग बाहेरच्यांसाठी बंद आहे. अनाहो बेटावर पांढरे पेलिकन घरटी करतात, तिथेही उतरायचं नाही. तंबू टाकायचा तो पश्चिम किनाऱ्यावर, सटक्लिफच्या आसपास.

दुसरा प्रश्न: मासा कुठला?

इथला हीरो म्हणजे लाहोंटन कटथ्रोट ट्राउट. १९२५ साली इथे ४१ पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंचा मासा पकडल्याची नोंद आहे. तो विक्रम अजून टिकून आहे. पण मधे हा मासा इथून पार संपला होता, बरं का.

झालं काय, की १९०५ साली ट्रकीवर डर्बी धरण झालं आणि नदीचं पाणी शेतीकडे वळवलं गेलं. १९६० च्या दशकापर्यंत तळं सुमारे २४ मीटर खाली गेलं. शेजारचं विनेमका तळं तर १९३० च्या दशकात पूर्ण आटलं. ट्राउट अंडी घालायला नदीत वर चढतो. पाणी उतरल्यावर नदीच्या मुखाशी गाळ उघडा पडला आणि माशांची वाटच बंद झाली. १९४० च्या दशकात इथला मूळ वाण संपला.

मग १९७० च्या दशकात दूर युटाच्या सीमेवर, पायलट पीक डोंगरातल्या एका ओढ्यात काही ट्राउट सापडले. पुढे जनुकीय तपासणीतून ठरलं की ते याच तळ्याच्या वंशाचे. २००६ पासून ते परत इथे सोडायला लागले. पाण्यासाठी जमातीने कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला, १९९० मध्ये तडजोडीचा कायदा झाला. म्हणजे आज गळाला लागणारा मासा हा निसर्गाइतकाच त्या लोकांच्या चिकाटीचा आहे.

इथे क्वी-वी नावाचा अजून एक मासा आहे. जगात फक्त याच तळ्यात आणि खालच्या ट्रकीत सापडतो. तो पकडायचा नाही. चुकून गळाला लागला तर लगेच सोडायचा.

तिसरा प्रश्न: नियम आणि मोसम

ट्राउटचा मोसम १ ऑक्टोबर ते ३० जून. जिवंत आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम. गळाला उलटा काटा नको, म्हणजे मासा सोडताना त्याला कमी इजा होते. किती आणि केवढे मासे ठेवता येतात, ते परवान्यासोबत दर वेळी वाचा. आणि हो, थंडीत इथे लोक चक्क पाण्यात शिडी उभी करून, वर चढून मासे पकडतात! किनाऱ्याजवळ तळ एकदम खोल होतो आणि मासे त्या उतारालगत फिरतात. शिडीवरून गळ तिथपर्यंत पोचतो.

चौथा प्रश्न: वाळू आणि वारा

आमच्या रेकीचा अर्धा वेळ यातच गेला. किनाऱ्यावर गाडी नेता येते, पण वाळू भुसभुशीत. आधी उतरून चालत जा. पाय घोट्यापर्यंत रुतला तर गाडी मागेच ठेवा. वारा अचानक सुटतो आणि एवढ्या मोठ्या पाण्यावर लाटा चटकन उठतात. छोटी बोट किंवा कयाक असेल तर लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात, आणि किनारा सोडू नका. थंडीतलं पाणी पोहणाऱ्यालाही काही मिनिटांत गारठवतं. तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोऱ्या बांधा. प्यायचं पाणी सगळं सोबत न्या. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

आम्ही ठरवलंय, जाताना दक्षिण टोकाला निक्सन गावातलं जमातीचं संग्रहालय आधी बघायचं, मग गळ टाकायचा. ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातोय, त्यांची ओळख नको का?

तुमच्या ग्रुपमध्ये "चल, बघू तिथे गेल्यावर" म्हणणारा जो मित्र आहे ना, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!